हुडकेश्वरला समुद्र आला ती थंडी

डिसेंबर लागला की विमानतळाच्या कार्गोमधून आमच्या हॉटेलच्या मागच्या दाराशी येणारी गाडी रोज येऊ लागते. एरवी ती आठवड्यातून दोनदा आली तरी पुरतं. पण थंडीत लग्नं असतात, अधिवेशन असतं, बाहेरून आलेले मोठे लोक असतात, आणि चहूबाजूंनी जमीनच जमीन असलेल्या या नागपूरला एकाएकी समुद्राचे मासे हवेसे वाटतात. थर्माकोलच्या पांढऱ्या पेट्या उतरतात. चिकटपट्टी कापून झाकण काढलं की आधी गार वाफ तोंडावर येते, मग वास. मासा चांगला असेल तर त्याला मासळीचा वास येतच नाही. नुकत्या कापलेल्या काकडीचा येतो, ओल्या दगडाचा येतो. काल सकाळी या मोसमातली पहिली मोठी पेटी उघडली, बर्फात कोपरापर्यंत हात घातला, आणि बोटं बधिर व्हायच्या आत मला नयनाची थंडी आठवली.

माझ्या मनात त्या थंडीचं हेच नाव आहे. त्याआधीच्या सगळ्या थंड्या एकीत एक मिसळून गेल्या आहेत. कोणत्या वर्षी संत्री जास्त गोड होती आणि कोणत्या वर्षी मायने दोन रजया घेतल्या, ते सांगता येत नाही. ही एक मात्र वेगळी निघते. त्या थंडीत मी सतत कोणाचा तरी हेवा करत होते, आणि हेवा करणाऱ्या माणसाला सगळं फार स्वच्छ दिसतं. समोरचीच्या ओढणीचा रंग, तिने कितीदा हात धुतले, कोण तिच्याशी आधी बोललं, सगळं.

वर्धा रोडवरच्या या हॉटेलात मी लागले ती कांदे-टमाटर चिरायला. तिथून मासळीच्या टेबलापर्यंत यायला बरीच वर्षं गेली. लहानपणी मासा म्हणजे नदीचाच. मायचं माहेर भिवापूर, तिथून पवनीची वैनगंगा जवळ. मामा आला की त्याच्या ओल्या पिशवीत वाम असायची, मरळ असायची, निळसर नांग्यांचे मोठाले झिंगे असायचे. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो हॉटेलने मुंबईला ट्रेनिंगला पाठवलं तेव्हा, आणि तोही ओहोटीचा. समोर नुसता चिखल होता आणि लांबवर एक चकाकती रेघ. मी बराच वेळ त्या रेघेकडे बघत उभी राहिले आणि बस चुकवली.

पण समुद्राचा मासा मी शिकले. आमच्याकडे तेव्हा केरळचे एक वयस्क आचारी होते, त्यांच्या शेजारी उभं राहून शिकले. डोळा बाहेर आलेला आणि नितळ हवा. कल्ला उचलून पाहायचा, तो लाल आणि ओला हवा, विटकरी झाला की संपलं. पाठीवर बोट दाबलं तर खळगा लगेच भरून यायला हवा. खेकडा डोळ्यांनी घ्यायचा नाही, तळहातावर तोलून घ्यायचा, आकाराच्या मानाने जड लागला तर आत काही आहे. शेवंड, म्हणजे लॉबस्टर, उचलली की शेपटी आत वळायला हवी. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, एकमेकींवर आपटायच्या, ज्या तोंड मिटत नाहीत त्या टाकायच्या, उरलेल्या मिठाच्या पाण्यात ठेवायच्या, म्हणजे पोटातली रेती सोडतात. रावसाच्या तुकड्यातले काटे चिमट्याने काढायचे ते मांसाच्या रेघेने, उलटं ओढलं तर मांस फाटतं. मग तो तुकडा कातडी वर करून शीतखोलीत जाळीवर ठेवायचा, कातडी कागदासारखी कोरडी होईपर्यंत. तरच ती तव्यावर कुरकुरीत होते. एवढं करून प्लेटमध्ये जातो चार बोटांचा एक तुकडा. खाणाऱ्याला वाटतं, मासा असाच जन्माला आला असेल.

त्या वर्षी हॉटेलच्या वरच्या मजल्यावर एक नवं दालन उघडायचं ठरलं. मोजकी टेबलं, आणि जेवण फक्त समुद्राचं. ते माझ्याकडे येणार असं सगळे धरून चालले होते. मीही धरून चालले होते, तोंडाने म्हणत नव्हते इतकंच. मग एका दुपारी शेफने मला बोलावलं. ते मूळचे कोलकात्याचे, आमच्याशी हिंदीत बोलायचे. म्हणाले, "वैशाली, हर्णै बंदर की तरफ से एक लडकी आ रही है. कोली है. मछली तो उसके खून में है. तुम उसकी मदद करना."

मी "जी शेफ" म्हटलं आणि परत येऊन पापलेटचे पर कापायला घेतले. रक्तात असणं म्हणजे काय असतं, याचा मी त्या दिवशी फार विचार केला. माझ्या रक्तात काय होतं? झिंगे होते, सुकट होती, अंबाडीची भाजी होती. त्यातलं काहीच वरच्या मजल्यावर चालणारं नव्हतं.

नयना आली ती एका धुकट सकाळी, पातळ स्वेटर घालून. तिशीची, सावळी, लांब हाडांची. नागपूरच्या थंडीची तिला कल्पना नव्हती. दात वाजत होते आणि ती त्यावर स्वतःच हसत होती. पेट्या उतरल्या होत्या. शेफ म्हणाले, दोघी मिळून बघा. एका पेटीपाशी ती उभी राहिली, दुसऱ्या बाजूला मी. तिने रावस उचलला, कल्ल्याजवळ नाक नेलं, पाठीवरून अंगठा फिरवला. मी तेच केलं. वरचे दोन चांगले, तिसरा बाजूला. पापलेटमधले मधले चांगले, कडेचे बर्फाने भाजलेले. तिने जे बाजूला ठेवलं तेच मी ठेवलं, अगदी त्याच क्रमाने. दोघींचे ढीग सारखे झाले. शेफनी दोन्ही ढीग पाहिले आणि नयनाकडे बघून म्हणाले, "देखा, इसको बोलते हैं समंदर की बेटी."

ती संकोचून म्हणाली, "ताईंनीपण तेच काढले, शेफ."

शेफ तोवर वळले होते. ती चुकली असती, किंवा मी चुकले असते, तर बरं झालं असतं असं मला वाटलं. दोघी बरोबर होतो, आणि तरी माझं बरोबर असणं कोणाच्या उपयोगाचं नव्हतं.

तिला राहायला जागा नव्हती. मॅनेजर साहेबांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "तुमच्या हुडकेश्वरच्या घरी वरची खोली रिकामी आहे ना?" मी म्हटलं, मायला विचारून सांगते. माय नाही म्हणेल याची मला खात्री होती. घरी आम्ही दोघीच. बाबा गेल्यापासून तिने त्या खोलीसाठी कितीतरी भाडेकरू परत पाठवले होते. कोणाचं आडनाव आवडलं नाही, कोणाची मोटरसायकल आवडली नाही.

संध्याकाळी मी सांगितलं. माय तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "येऊ दे. एकटी पोरगी हाय, कुठी जाईन?"

"माय, तू पाह्यलं पन नाई तिले."

"पाह्यचं काय त्यात? तुयासोबत काम करते ना?"

नयना एक ट्रंक आणि एक गोणपाटाची पिशवी घेऊन आली. पिशवीत कोकम होतं, तिरफळं होती, आणि सुकवलेले बोंबील. बोंबलांचा वास जिना चढून वर जायच्या आधी माय दारात येऊन उभी राहिली. तिने डोळे मिटून तो वास घेतला आणि म्हणाली, "सुकट हाय काय वं?" झालं. त्या दिवसापासून नयना तिची झाली.

माझं एक दुखणं होतं, ते आता सांगते. समुद्राचा मासा मी इतकी वर्षं हाताळत होते, पण मायने तो कधी खाल्ला नव्हता. मी पगारातून पापलेट आणलं, सुरमई आणली, तव्यावर लोण्यात परतून दिली. ती एक घास घ्यायची, तोंडात घोळवायची, आणि ताट माझ्याकडे सरकवायची. "याले काई चवच नाई. पानी खाल्ल्यासारखं लागते. तूच खाय." मी ज्यात आयुष्य घातलं ते तिला पाण्यासारखं लागत होतं. मी आणणं बंद केलं.

आणि एका रविवारी मी ड्युटीवरून घरी आले तर माय ओसरीत बसून बोटं चाटत होती. ताटात बांगड्याचा काटा पडला होता, स्वच्छ, कंगव्यासारखा. नयना समोर बसून तिला आणखी भात वाढत होती.

"माय, तू बांगडा खाल्ला?"

"हव. चांगला केला हिनं. आपल्या मिरच्या घातल्या ना."

"मी आनलेला त खात नव्हती."

"तू आनत व्हती तो हॉटेलातला. हा घरचा हाय."

नयना उठली, माझ्यासाठी ताट घेऊन आली. बांगडा खरंच चांगला होता. तिरफळाची ती जिभेवर चुरचुरणारी थंड चव, आणि मागून भिवापूरच्या मिरचीचा रंग. मी सगळं संपवलं आणि चांगला झालाय म्हटलं. मग ताट उचललं आणि घासायला घेतलं.

काल संध्याकाळी गच्चीवर गेले तेव्हा शेजारच्या घरी मिरच्या वाळत होत्या. आमच्या गच्चीवर यंदा नाहीत. मायचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत. पण त्या थंडीत आमची अख्खी गच्ची लाल होती. मामाने पोतंभर मिरची पाठवली होती. सकाळच्या उन्हात माय आणि नयना चटईवर बसून देठ खुडायच्या. हवेतच इतका तिखटपणा असायचा की मी दारात पाऊल टाकलं की शिंक यायची. त्या दोघींना यायची नाही. सुटीच्या दिवशी मी खाली कपडे धुताना त्यांचं बोलणं ऐकू यायचं. माय तिला अंबाडीतले झिंगे सांगत होती. अंबाडीचा पाला आधी वाफवून त्याचं आंबट पाणी थोडं काढून टाकायचं, सगळं नाही. मिरची तेलात टाकायची नाही, पाण्यात वाटून टाकायची. झिंग्याचं डोकं फेकायचं नाही, सगळी चव तिथेच असते.

मी कपडे तसेच टाकून वर गेले. "माय, हे त तू मले कधी शिकवलं नाई."

ती म्हणाली, "तुले कायले शिकवू? तू त मोठ्या हॉटेलातली."

ती हे अभिमानाने म्हणाली होती. मला आजही खात्री आहे की तिला माझं मोठेपणच सांगायचं होतं. पण मी खाली येऊन कपडे इतके आपटले की एका चादरीची शिवण उसवली.

पौर्णिमेला माय विहारात जायची, तेव्हा मी ड्युटीवर असले की नयना तिला सोबत करायची. पांढरी साडी नव्हती म्हणून मायने तिला माझी दिली. कोपऱ्यावरच्या काकूंनी विचारलं, "ही लहानी काय वं?" माय म्हणाली, "लहानीच समजा." हे मला काकूंनीच हौसेने येऊन सांगितलं.

नयना वाईट असती तर माझी ती थंडी सोपी गेली असती. ती आळशी असती, उर्मट असती, माझ्या पाठीमागे काही बोलली असती, तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. पण ती सरळ होती. बर्फातून हात काढला की माझ्यापुढे कोमट पाण्याचं भांडं सरकवायची. काटे काढताना मान दुखली तर म्हणायची, "ताई, तुम्ही बसा, मी करतो." तिच्या गावाकडे बायकाही कधीकधी 'करतो' म्हणायच्या, त्यावर सगळं किचन हसायचं आणि तिच्यावर आणखी प्रेम करायचं. चांगल्या माणसाचा हेवा करणं फार एकटं असतं. कोणाकडे जाऊन सांगणार? ऐकणारा तिचीच बाजू घेणार.

वरचं दालन सुरू व्हायच्या आधी मालकांनी त्यांच्या पाहुण्यांसाठी एक जेवण ठेवलं. ते जमलं तर दालन नयनाच्या हाती, असं शेफनी सांगून टाकलं होतं. त्या सकाळी इतकं धुकं होतं की समोरच्या रस्त्यावरचे दिवे दुपारपर्यंत तसेच जळत राहिले. विमान कुठेतरी अडकलं. पेट्या आल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. नयना वर रस्सा आणि चटण्यांमध्ये गुंतली होती, म्हणून मागच्या दाराशी मीच गेले.

झाकण काढलं. बर्फाचं अर्धं पाणी झालेलं. रावसाचा डोळा ठीक होता, कल्लाही लाल होता. वरवर बघणाऱ्याने घेतला असता. मी पोटाखाली बोट दाबलं. खळगा पडला आणि तसाच राहिला. पुन्हा दाबलं, दुसरा मासा दाबला, तिसरा दाबला. सगळे तसेच.

मला माहीत होतं की हा मासा वर गेला तर काय होईल. आज संध्याकाळी चव उतरलेली लागेल, आणि नाव नयनाचं जाईल. हे मला अगदी लख्ख दिसलं. पण माझं बोट अजून त्या पोटावर होतं आणि त्या बोटाला खोटं बोलता येत नव्हतं. मी शेफना बोलावलं आणि म्हटलं, "शेफ, ये नहीं चलेगा."

शेफ भडकले. पाहुणे संध्याकाळी येणार, आता दुसरा मासा कुठून आणायचा? कल्ला तर लाल आहे. तू जरा जास्तच बघतेस. मी म्हटलं, पोट दाबून बघा. त्यांनी दाबलं न दाबल्यासारखं केलं. तेवढ्यात नयना खाली आली. तिने एकेक मासा दाबला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ताई बरोबर आहेत. नाही चालणार."

शेफनी एक श्वास सोडला आणि म्हणाले, "ठीक है. वापस भेजो."

माझ्या 'नाही'ला तिचा शिक्का लागला. इतकी वर्षं त्या टेबलाशी उभी राहूनही.

मग नयनाने मला बाजूला घेतलं. "ताई, तुमच्याकडचे झिंगे मिळतील? आईंनी सांगितले ते? जिवंत?"

मी पवनीच्या बाजूला माझ्या मामेभावाला फोन लावला. राजूने आधी विचारलं, "काहून वं ताई, एवढी घाई? पाव्हणे आले काय?" मी म्हटलं, "पाव्हणेच समज. पान्यात ठेवून आन, मरू देऊ नको." त्याने जीपमध्ये टपात पाणी घालून झिंगे आणले. निळ्या नांग्या टपाच्या कडेवर टक टक वाजत होत्या. मागच्या दाराशी उभा राहून तो आमच्या चकचकीत किचनकडे बघत म्हणाला, "बाप्पा, इथी झिंगे खातेत?"

त्या संध्याकाळी खातेत असं झालं. ते साफ मी केले. पाठीतली काळी शीर काढली, डोकी राखली, त्यांचा रस पिळून घेतला. नयनाने अंबाडी वाफवली, आंबट पाणी थोडं काढलं, सगळं नाही. मिरची पाण्यात वाटली. मग सगळं गाळून प्रत्येक ताटलीत चमचाभर लाल रस्सा ओतला आणि मधोमध एकेक झिंगा ठेवला, कणभर लोण्यात उलटवलेला. ताटल्या रिकाम्या होऊन खाली आल्या. रस्सा बोटांनी पुसून खाल्लेला दिसत होता. मालक स्वतः खाली आले, नयनाचा हात हातात घेऊन म्हणाले, समुद्र आला नाही तरी तुम्ही आणलात. ती म्हणाली, "सर, हे ताईंच्या आईचं आहे, आणि झिंगे ताईंनी..." ते हसून मान हलवत राहिले. लोक नम्रपणाला हसतात तसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायने चहा पुढे ठेवला आणि विचारलं, "नयनाचं कसं झालं?"

"चांगलं झालं तिचं," मी म्हटलं.

दालन नयनाला मिळालं. मी खालच्या किचनमध्ये तेच टेबल सांभाळत राहिले. नोकरी सोडायचं डोक्यात आलं, दोन ठिकाणी बोलूनही आले, पण गेले नाही. पुढे काही काळाने तिला गोव्याला मोठी जागा मिळाली आणि दालन माझ्याकडे आलं. तिने जाताना माझं नाव सुचवलं होतं, आणि शेफ म्हणाले की मी तसंही तुलाच देणार होतो. दोन्ही खरं असेल. इतक्या सरळपणे एखादी गोष्ट मिळाली की ती मिळवल्यासारखी वाटत नाही.

पण त्याआधी, त्याच थंडीच्या शेवटाला, शिमग्याच्या सुमारास, नयनाने आम्हा दोघींना तिच्या गावी नेलं. मला जायचं नव्हतं. मायला जायचं होतं. रेल्वे, मग एसटी, मग आणखी एक एसटी, आणि शेवटी घाट उतरताना खिडकीत निळं. मायने आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. ती किनाऱ्यावर चपला हातात घेऊन उभी राहिली. मग म्हणाली, "एवढं पानी, आन् प्याचं नाई."

नयनाची आई लिलावावर मासे घ्यायची आणि आसपासच्या गावांत विकायची. रुंद खांद्यांची, मोठ्या आवाजाची बाई. दुपार कलताना होड्या लागल्या, वाळूवर ढीग पडले, बोली सुरू झाली. तिने मला मनगटाला धरून थेट ढिगांमध्ये नेलं. "नयना सांगते तुला मासा कळतो. यातला काढ बघू."

इथे पेटीतला बर्फ नव्हता, पायाखाली गरम वाळू होती. मासे इतके ताजे होते की त्यांत वाईट शोधणंच कठीण. मी वाकले, कल्ले पाहिले, दाबून पाहिलं, एक सुरमई आणि दोन घोळ मासे काढले. बाईने ते उलटेपालटे केले. मग आजूबाजूच्या चार कोळिणींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "नागपूरची पोर आहे गो ही. समुद्र नाही, खाडी नाही, आणि हात बघा कसा. शिकून घेतलाय." मग नयनाकडे वळून, "तुझं काय, तू इथेच वाढलीस. तुला सगळं आयतं."

मला काय वाटलं ते कसं सांगू? ज्या वाक्यासाठी मी अख्खी थंडी टेबलाशी उभी होते, ते कोणीतरी भर किनाऱ्यावर बोललं होतं. मी हसत होते. हसू आवरत नव्हतं.

संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. बाईने सुरमईची गाबोळी, म्हणजे तिच्या पोटातली अंडी, हळद-मीठ लावून तळली होती. तिचा एकच तुकडा निघाला, सोनेरी, करंजीएवढा. तो तिने सरळ माझ्या ताटात ठेवला.

"आई, गाबोळी माझी असते," नयना म्हणाली. हसतच म्हणाली.

"तू काय, रोजचीच गो," बाई म्हणाली, आणि मायच्या ताटात भात वाढायला वळली.

मी नयनाकडे पाहिलं. ती ताटाकडे बघत होती आणि भातात बोट फिरवत होती. तो चेहरा मी आरशात पाहिला होता. गाबोळी मी मोडली आणि अर्धी तिच्या ताटात ठेवली. तिने ती खाल्ली नाही. थोड्या वेळाने हात धुवायला म्हणून उठली ती परत आली नाही.

मागच्या अंगणात ती पायरीवर बसली होती. माडांच्या मागे आभाळ अजून उजळ होतं. मी जवळ जाऊन बसले.

"काहून गप्प झाली वं?"

"काही नाही, ताई."

"पोट जयते?"

तिला कळलं नाही. "जयते म्हणजे?"

"जळतं."

वाळत घातलेल्या जाळ्यावर एक कावळा येऊन बसला आणि उडून गेला. मग ती म्हणाली, "हो. जरा."

"मले पन लय जयलं. अख्खी थंडी."

"माहीत होतं," नयना म्हणाली. "मला वाटायचं, आता भांडाल, मग भांडाल. तुम्ही भांडलाच नाहीत."

आतून मायचा आवाज आला. ती नयनाच्या आईला काहीतरी सांगत होती, आमच्या बोलीत, घाईघाईने, आणि बाई आपल्या बोलीत उत्तर देत होती. दोघींना एकमेकींचं किती समजत होतं कोण जाणे. मग दोघी एकदम हसायला लागल्या. माय अशी हसते हे मी विसरले होते. नयनानेही मान वळवून दाराकडे पाहिलं. आत कोणीतरी कोणाला तरी आणखी एक घास घ्यायचा आग्रह करत होतं.

आम्हाला कोणी हाक मारली नाही. आम्ही दोघी, रोजच्याच लेकी, पायरीवर बसून ऐकत राहिलो.